शिवेतरक्षती आणि नाथांचे ‘कवित्व’

१

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभी काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत : यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, शिवेतरक्षती, तत्काळ लाभणारी परमनिर्वृती आणि कान्तेच्या वाणीने व्हावा तसा उपदेश. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ही सहाही प्रयोजने शिकवली जातात. यश आणि अर्थ ही गौण मानून बाजूला ठेवली जातात, परमनिर्वृतीवर रसचर्चेची उभारणी होते आणि उपदेशाच्या निमित्ताने कला व बोध यांचा जुना वाद पुन्हा मांडला जातो. शिवेतरक्षती मात्र एका वाक्यात आटोपते. जे शिव नाही, अमंगल आहे, त्याचा काव्याने नाश होतो. सूर्यस्तुतीचे शतक रचून कुष्ठरोगातून मुक्त झालेला मयूर कवी हे त्याचे उदाहरण. एवढे सांगून वर्ग पुढे जातो. प्राचीनांच्या भाबडेपणाचा एक नमुना, यापलीकडे या प्रयोजनाला मराठी समीक्षेत स्थान उरलेले नाही.

या दुर्लक्षात एक विसंगती आहे. अॅरिस्टॉटलच्या कॅथार्सिसची चर्चा मराठीत अनेक दशके गांभीर्याने चालत आली आणि त्या संज्ञेसाठी ‘विरेचन’ हा आयुर्वेदातील शब्दही योजला गेला. म्हणजे शोकात्मिका प्रेक्षकाच्या चित्तावर काही उपचार करते, ही कल्पना ग्रीक परंपरेकडून आली तेव्हा ती सिद्धान्त म्हणून स्वीकारली गेली. काव्य अमंगलाचा क्षय करते हे घरच्या परंपरेतील विधान मात्र श्रद्धेच्या खात्यात जमा झाले. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पासून (१९५५) रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) सौंदर्यशास्त्रीय विचाराने कलेची स्वायत्तता आणि तिचे लौकिक जीवनाशी नाते यांची सूक्ष्म तपासणी केली. परंतु आजारी माणसाच्या उशाशी वाचली जाणारी संहिता या तपासणीच्या कक्षेत आली नाही. ती वाङ्मयेतिहासात संप्रदायाची नोंद म्हणून आली, लोकसाहित्याच्या अभ्यासात सामग्री म्हणून आली, आणि सुधारणावादी लेखनात फसवणुकीचे साधन म्हणून आली. संहिता म्हणून ती काय करते, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणी बाजूलाच राहिला.

२

हा प्रश्न विचारण्यासाठी नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव सोयीचे आहे, कारण अशा संहितांचा एक दाट पट्टा त्याच्या भोवती पसरलेला आहे. पूर्वीच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव मुळा धरणाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसशेतीचे आणि साखर कारखान्याचे गाव आहे. पाच-सहा किलोमीटरवर दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्धी पावलेले शनिशिंगणापूर. ईशान्येला प्रवरेच्या काठी नेवासे, जेथे शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पश्चिमेला लागून असलेल्या राहुरी तालुक्यात संतचरित्रकार महिपतींचे ताहाराबाद. दक्षिणेला आणि आग्नेयेला गर्भगिरीच्या रांगा आणि त्यांवर नाथांची स्थाने : मांजरसुंब्याचा गोरक्षनाथ गड, मढीची कानिफनाथांची समाधी, त्यापलीकडे बीडच्या सीमेवर मच्छिंद्रनाथांचे मायंबा. या परिसरात एखाद्या घरी दीर्घ आजार शिरला, तरुण मुलगा कामधाम सोडून गप्प बसू लागला किंवा नवी सून एकाएकी बोलेनाशी झाली, तर दवाखान्याच्या बरोबरीने दोन वाटा परंपरेने उपलब्ध असत आणि आजही पुरत्या बुजलेल्या नाहीत. एक वाट देवऋषाकडे जाते. अंगारा, उतारा आणि ‘झाडा’ला विचारलेले प्रश्न ही तिची साधने. दुसरी वाट पोथीची. श्रावणात किंवा अडचणीच्या वेळी ‘नवनाथ भक्तिसार’ लावली जाते.

धुंडीसुत मालू नरहरी याने ही पोथी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पेशवाईच्या अस्ताला जेमतेम वर्ष उलटले असताना पूर्ण केली. तिचे अध्याय चाळीस. गोरक्षाच्या ‘किमयागार’ ग्रंथाचा आपल्याला आधार आहे असे कवी सांगतो. शेवटच्या अध्यायात प्रत्येक अध्यायाचे फळ नोंदवलेले आहे : अमुक अध्यायाने बाधा टळते, अमुक अध्यायाने व्याधी जाते, दारिद्र्य फिटते, संतती होते. फलश्रुती मराठी पोथ्यांना नवी नाही. परंतु अध्यायवार फळ सांगणारी ही रचना ग्रंथाला औषधांच्या फडताळासारखे रूप देते. समीक्षकाला अवघडल्यासारखे होते ते नेमके येथे. वाङ्मयकृतीच्या सेंद्रिय एकात्मतेचा आग्रह धरणाऱ्याला, गरजेप्रमाणे एकेक अध्याय काढून घ्यावा अशी स्वतः सांगणारी कृती निकृष्टच वाटणार.

तथापि या पोथीने स्वतःच्या सामर्थ्यासाठी योजलेला शब्द लक्षात घेतला पाहिजे. मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीला देवीपुढे बसला असता त्याच्या मनात इच्छा उपजते ती ‘कवित्व’ करण्याची. साबरी विद्येचे हे कवित्व लोकांच्या उपयोगी पडावे असा त्याचा हेतू आहे, आणि देवीच्या साहाय्याने नागाश्वत्थाच्या झाडाखाली निरनिराळ्या दैवतांकडून त्याला वर मिळवून ते सिद्ध करावे लागते. मंत्ररचनेला कवित्व म्हणण्याची ही रीत सैल बोलण्यातून आलेली नाही. मम्मटाने काव्याच्या फळांत जे चौथे ठेवले, ते येथे काव्याच्या उगमाशी आले आहे. शिवेतराचा क्षय व्हावा म्हणूनच नाथ कवी होतो.

३

पोथीतील चमत्कारांचे सत्यासत्य क्षणभर बाजूला ठेवून कथांची संरचना पाहिली, तर एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा समोर येतो. कोणीतरी हरवलेले, गाडले गेलेले किंवा स्वतःला विसरलेले असते. बाहेरून त्याला हाक येते. आतून उत्तर येते. आणि तो नवा होऊन बाहेर पडतो.

गोरक्षाच्या जन्माची कथा सर्वपरिचित आहे. मच्छिंद्राने अपत्यहीन सरस्वतीला भस्म दिले. शेजारणींनी तिच्या मनात शंका घातली आणि तिने ते शेणाच्या उकिरड्यात टाकले. बारा वर्षांनी नाथ परत आला, उकिरड्यापाशी उभा राहून त्याने हाक दिली आणि आतून मुलाचा आवाज आला. या कथेत भस्म घेणाऱ्या स्त्रीची श्रद्धा डळमळलेली आहे, तरी भस्म वाया जात नाही. श्रद्धेवाचून गुण येत नाही असे बजावणाऱ्या व्यावसायिक मांत्रिकाच्या तर्काला पोथी येथे छेद देते. गुण न आल्याचा दोष रुग्णाच्या माथी मारण्याची सोय ती ठेवत नाही.

दुसरी कथा अधिक अर्थगर्भ आहे, कारण तीत हरवलेला माणूस स्वतः वैद्य आहे. मच्छिंद्र स्त्रीराज्यात रमतो आणि आपण कोण हे विसरतो. गोरक्ष एका नर्तिकेच्या ताफ्यात वेष पालटून शिरतो आणि मृदंगावर अशी थाप देतो, की त्या नादातून गुरूला स्वतःचे आणि शिष्याचे नाव ऐकू यावे. उपदेशाचा एक शब्दही न बोलता, सभेत चाललेल्या करमणुकीच्या आतूनच ही हाक पोचते. कलेच्या द्वारे होणाऱ्या उपचाराचे इतके नेमके चित्र मध्ययुगीन परंपरेतून आलेल्या मराठी रचनांत क्वचितच आढळेल. प्रेक्षकांना जो ताल ऐकू येतो, तोच एका माणसाला स्वतःच्या नावासारखा ऐकू येतो.

तिसरी कथा गोपीचंदाची. राजाने जालिंदराला खड्ड्यात पुरून टाकले आहे. त्याला वर काढायचे तर त्याचा क्रोध कोणीतरी झेलला पाहिजे. कानिफा राजाचे धातूंचे पुतळे घडवून घेतो. खड्ड्यातून ‘कोण?’ असे विचारले जाते, गोपीचंदाचे नाव सांगितले जाते आणि एकेक पुतळा भस्म होतो. क्रोध ओसरल्यावर खरा गोपीचंद पुढे होतो आणि वाचतो. गावच्या तिकाटण्यावर ठेवलेला उतारा ज्याने पाहिला आहे, त्याला ही रचना ओळखू येईल. माणसावरचे अरिष्ट त्याच्या जागी ठेवलेल्या वस्तूवर उतरवायचे, हा विधी पोथीने कथेत उचलला आहे. मात्र विधीत जे मुकाट्याने घडते, त्याला कथा कारण देते : राजाने गुन्हा केला होता, आणि पुतळे जळून गेले तरी खड्ड्यासमोर स्वतः उभे राहण्यावाचून त्याची सुटका नव्हती.

४

हा आकृतिबंध नाथपंथापुरता मर्यादित नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात क्वेचुआ भाषा बोलणाऱ्या समाजांत काही दुखणी भयामुळे झाली असे मानले जाते. माणूस दचकतो, त्याच्यातला प्राण घटनेच्या जागी मागे राहतो आणि उरलेले शरीर झुरत जाते. तेथला जाणता रुग्णाचे वस्त्र हाती घेऊन त्या हरवलेल्या प्राणाला रुग्णाच्या नावाने हाका मारतो. ‘आपू’ म्हणजे पर्वतदेवता आणि ‘पाचामामा’ म्हणजे भूमाता यांना कोकाच्या पानांचा नैवेद्य दिला जातो. काही ठिकाणी गिनीपिग रुग्णाच्या अंगावरून फिरवून दुखणे त्या प्राण्यात उतरले असे मानतात. उतारा आणि हाक ही दोन्ही अंगे येथे एकत्र आहेत, आणि गर्भगिरीप्रमाणेच तेथेही डोंगर हा या व्यवहारातला एक भागीदार आहे. अशा साम्यावरून ऐतिहासिक संबंध सुचवणे अशास्त्रीय ठरेल. दोन्ही ठिकाणी आजार हा ‘स्वतःपासून दूर जाणे’ या रूपात कल्पिला गेला, एवढेच त्यातून दिसते.

या प्रकारच्या उपचाराचा वाङ्मयीन सिद्धान्त मांडण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न क्लोद लेव्ही-स्त्रोस यांचा. १९४९ मध्ये त्यांनी पनामातील कुना जमातीच्या प्रसूतिगीताचे विश्लेषण केले. अडलेल्या बाळंतिणीला मांत्रिक एका प्रवासाची आणि युद्धाची कथा ऐकवतो. तिच्या असह्य, अर्थहीन वेदनेला ही कथा क्रम आणि भाषा देते. आणि शरीर त्या क्रमाच्या मागे जाते. चिन्हांच्या परिणामकारकतेचा हा सिद्धान्त मोहक आहे. परंतु त्यातील एक उणीव पुढच्या अभ्यासकांनी दाखवली. या गीताची भाषा रोजच्या बोलीहून वेगळी, जाणत्यांपुरती राखलेली होती. जी कथा बाळंतिणीला नीट कळतच नव्हती, ती तिच्या वेदनेला भाषा कशी देणार?

मराठीतील सामग्री येथे सिद्धान्ताला काही देऊ शकते. साबरी मंत्र दुर्बोध असतात आणि गुरुमुखातूनच घ्यायचे असतात. ‘नवनाथ भक्तिसार’ हा मात्र मंत्रांचा संग्रह नाही. मंत्र कसे जन्मले, कोणी कोणावर चालवले, काय फसले, कोण पस्तावले, हे सोप्या ओवीत सांगणारा तो कथाग्रंथ आहे. मंत्राचे सामर्थ्य त्याने मंत्राच्या कथेकडे वळवले, आणि कथा कळण्यासाठी देवऋषाची गरज नसते. पुढे छापखान्यांनी पोथी घरोघर पोचवल्यावर, अक्षरओळख असलेला कोणीही घरातल्या माणसासाठी ती वाचू शकला. लेव्ही-स्त्रोस यांना कुनांच्या गीतात जे दिसले, ते खऱ्या अर्थाने शक्य होते ते येथे, कारण ऐकणाऱ्याला ऐकलेले समजते.

अँडीजमध्ये या संक्रमणाची जबाबदारी आधुनिक साहित्याने घेतली. क्वेचुआ भाषकांत वाढलेले पेरूचे कादंबरीकार आणि मानववंशशास्त्रज्ञ खोसे मारिया आर्गेदास (१९११–१९६९) यांनी १९६२ मध्ये ‘रासू-न्यितीची अखेर’ ही कथा लिहिली. मरणासन्न नर्तक अखेरचे नृत्य करतो, पर्वताचा आत्मा त्याच्यावरून उठून तरुण शिष्यावर उतरतो आणि शिष्याच्या रूपाने नृत्य पुन्हा सुरू होते. तेथे कोणी बरे होत नाही. नवे होते ते नृत्य, आणि ते पाहणारे घर. याउलट कुस्कोच्या परिसरात आज बाहेरच्या प्रवाशांसाठी ‘आत्मिक नवीकरणा’चे जे सोहळे होतात, त्यांत विधी राहतो आणि भाषा गळून पडते. ज्याला हाक कळत नाही, त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त धूर आणि पर्वताचा देखावा. ध्वनिमुद्रित पोथी लावून दुसऱ्या खोलीत निघून जाणाऱ्या मराठी घराला या प्रवाशाला हसण्याचा अधिकार नाही.

५

येथपर्यंतचे विवेचन गौरवाकडे झुकते, असा आक्षेप योग्य ठरेल. कारण हाकेचा हा आकृतिबंध ज्या समाजात वावरतो, त्याच समाजात भूत उतरवण्याच्या नावाखाली स्त्रियांना मारहाण झाली आहे आणि उसाच्या फडात सर्पदंश झालेल्याला दवाखान्याऐवजी मंत्राच्या ओट्यावर नेले गेले आहे. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली, तो जादूटोणाविरोधी अधिनियम त्या वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने संमत केला. मारहाण करून भूत उतरवणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हे त्याने गुन्हे ठरवले. कीर्तन, प्रवचन, भजन आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन यांना मात्र त्याने हात लावला नाही. या सवलतीकडे राजकीय तडजोड म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी असेलही. परंतु चमत्काराची कथा आणि चमत्काराचा धंदा या दोन वेगळ्या भाषिक कृती आहेत, हा भेद विधिमंडळाने ओळखला आणि समीक्षेने ओळखला नव्हता, ही गोष्ट समीक्षेला विचार करायला लावणारी आहे.

तरीही कायद्याची ही रेषा वाङ्मयविचाराला पुरेशी नाही. कथांतही वीष असते. स्त्रीराज्याच्या कथेत पुरुषाच्या आत्मविस्मृतीचे कारण म्हणून स्त्री उभी आहे. ज्या राणीपासून मच्छिंद्र सोडवला जातो, तिला हाक मारायला कोणी येत नाही. गोपीचंदाच्या कथेत मैनावती ही ज्ञानी आई आहे, मुलाच्या नवेपणाची सुरुवात तिच्या अश्रूंपासून होते. पण नवा होतो तो मुलगा. पोथी कोण लावतो आणि ती कोणाच्या दुखण्यासाठी लावली जाते, या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सत्तेच्या रचनेतच शोधावे लागते.

देवऋषाचा विधी आणि नाथकथेचा आकृतिबंध यांतील खरा फरकही येथेच सापडतो. दोन्हींत संवाद आहे, दोन्हींत नाव विचारले जाते. पण देवऋषापुढे बसलेल्या सुनेला लोकभाषेत ‘झाड’ म्हणतात, आणि झाड बोलू लागले की विचारले जाते ते दुसऱ्याच कोणाचे तरी नाव : तू कोण, कुठली, कशासाठी धरलेस? सासरचा जाच, उपास, न झालेले मूल, हे सारे ती सांगते. पण ते तिचे बोलणे म्हणून ऐकले जात नाही. ते बाहेरून आलेल्या कोणाचे तरी म्हणून ऐकले जाते. जिला एरवी बोलण्याची मुभा नाही तिला एवढी तरी वाट मिळते, हा लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र ती वाट मिळते स्वतःचे नाव गहाण टाकून. गोरक्षाच्या मृदंगातून मच्छिंद्राला ऐकू येते ते मच्छिंद्राचेच नाव, आणि क्वेचुआ जाणता ज्या प्राणाला बोलावतो तो रुग्णाचाच असतो. शिवेतरक्षतीचा निकष पुन्हा घडवायचा असेल, तर तो असा मांडता येईल : संहिता दुःखिताला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारते, की त्याचे दुःख दुसऱ्याच्या नावावर चढवून मोकळी होते? हा निकष पोथीला लावता येतो, आणि ग्रामीण कादंबरीला, दलित आत्मकथनाला किंवा कालच छापलेल्या कवितेलाही लावता येतो.

६

सोनईच्या परिसरातील आणखी दोन संहिता या निकषावर तपासण्याजोग्या आहेत. शनिशिंगणापूरच्या तेलाशी लोकमनाने जोडलेल्या ‘शनिमाहात्म्या’त विक्रम राजाचे हातपाय तोडले जातात आणि तो तेल्याच्या घाण्यावर बसून गातो. त्याच्या दीपक रागाने दिवे लागतात. साडेसाती संपून शरीर परत मिळाल्यावर तो शनीकडे मागणे मागतो ते असे, की आपल्याला झाला तसा छळ इतर कोणाला होऊ नये.

दुसरी संहिता नेवाशाची. चरित्रपरंपरा सांगते की ज्ञानदेव तेथे आले तेव्हा एका स्त्रीच्या पतीचे प्रेत समोर होते. ज्ञानदेवांनी त्याचे नाव विचारले. ‘सच्चिदानंद’ असे उत्तर आले, तेव्हा सत्, चित् आणि आनंद यांना मरण कसे येईल, असे म्हणून त्यांनी त्याला उठवले, आणि तोच पुढे ज्ञानेश्वरीचा लेखक झाला. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून निर्देश आहे, पुनरुज्जीवनाचा नाही. ग्रंथाने न केलेला दावा परंपरेने नंतर त्याच्याभोवती गुंफला. तो गुंफावासा का वाटला, हे महत्त्वाचे आहे. मराठीचा हा आद्य महाग्रंथ ज्याच्या हाताने उतरला, तो हात मरणातून परतलेला असावा, असे लोकांना वाटले. आणि त्याला परत आणण्यासाठी कथेने अंगारा योजला नाही, मंत्र योजला नाही. एका माणसाचे नाव विचारले गेले आणि त्या नावाचा अर्थ लावला गेला. अर्थनिर्णयन म्हणून समीक्षा जे करते, त्याच कृतीने येथे माणूस उठून बसतो आणि लिहू लागतो. त्या ग्रंथाची अखेर होते ती सर्वांसाठी मागितलेल्या पसायदानाने.

मयूराचे कुष्ठ खरोखर गेले की नाही, हे ठरवणे समीक्षेचे काम नाही. रुग्णाला दवाखान्यात नेणे हे प्रत्येकाचे काम आहे आणि त्यात समीक्षकही आला. परंतु दवाखान्यातून घरी आलेला माणूस पुन्हा आपल्या नावाला ओ देऊ लागेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात त्याच्या कानावर पडणारी भाषा कशी आहे, हे पारखण्याची जबाबदारी साहित्यविचाराने मम्मटापासून स्वतःकडे घेतलेली होती. मराठी समीक्षेने ती खाली ठेवली. ती पुन्हा उचलायची असेल, तर नेवाशाच्या वाटेवरील या परिसरात संहितांची वाण नाही.